लेट्यूसचं बी कोकणात का रुसतं

(गुहागर तालुक्यातल्या एका वाचनालयात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आमच्याकडे पर्यटक उतरतात. त्यांच्या ताटात घालायला मी चिपळूणच्या बाजारातून लेट्यूस, म्हणजे सॅलडची पानं, आणायचे. घाटावरून आलेला तो पाला घरी पोचेपर्यंत अर्धा कोमेजलेला असायचा. मग वाटलं, आपल्या परड्यात लाल माठ होतो, मुळा होतो, मग हे का होणार नाही? त्या वर्षी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मी तीन पाकिटं बी पेरलं. तिन्ही मिळून उगवली सात रोपं. मी दुकानदाराला बोलले, बी जुनं दिलंत म्हणाले. आज सांगते, बी चांगलं होतं. चूक माझी होती, आणि कोकणात पहिल्यांदा लेट्यूस लावणाऱ्या बहुतेकांची तीच होते. म्हणून आज मी लागवडीपेक्षा रुजवण्यावर जास्त बोलणार आहे. एकदा रोप हाताशी आलं की पुढचं सगळं आपल्याला येतं.

मी काय केलं होतं? माठाचं, मेथीचं करतो तसंच. वाफ्यात बी फोकलं, वर बोटभर माती ओढली, पाणी शिंपलं. म्हणजे त्या बीला उजेड मिळाला नाही आणि गारवाही मिळाला नाही. लेट्यूसला नेमकं हेच दोन लागतात.

आधी गारव्याचं बघू. लेट्यूसचं बी १५ ते २० अंश सेल्सिअसला उत्तम रुजतं. तापमान २८-३० अंशांच्या वर गेलं की बहुतेक जाती रुजायचं थांबवतात. बी मेलेलं नसतं, ते स्वतःला आवरून धरतं. याचं कारण त्याच्या कुळात आहे. लेट्यूसचे रानटी भाऊबंद भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या बाजूचे. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीतला. उन्हाळ्यात चुकून एखादी सर आली आणि बी रुजलं, तर रोप आठवड्यात करपणार. म्हणून ऊन आहे तोवर थांबायचं, ही सवय त्या बीत मुरलेली आहे. आपल्याकडे नोव्हेंबरातसुद्धा दुपारी पारा ३२-३३ वर जातो. बीच्या दृष्टीने तो उन्हाळाच. त्यातही एक गोष्ट फार महत्त्वाची: भिजलेलं बी बरेच दिवस उष्म्यात राहिलं तर ते आणखी गाढ झोपी जातं, आणि नंतर गारवा दिला तरी सहज जागं होत नाही. म्हणून ‘आज नाही तर आठवड्याने उगवेल’ म्हणून रोज पाणी घालत बसण्याने नुकसानच होतं.

आता उजेड. १९५२ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ नावाच्या लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केले. भिजलेल्या बीवर थोडा वेळ तांबडा प्रकाश टाकला की ते रुजायचं. त्यानंतर तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश टाकला की रुजायचं थांबायचं. पुन्हा तांबडा, की पुन्हा रुजायचं. असं कितीही वेळा केलं तरी शेवटी कोणता प्रकाश पडला, त्यावर सगळं ठरायचं. वनस्पतींमधल्या या प्रकाश ओळखणाऱ्या द्रव्याला पुढे फायटोक्रोम असं नाव मिळालं. झाडाला उजेड कसा कळतो, या एवढ्या मोठ्या प्रश्नाची वाट या तिळाहून बारीक बीने दाखवली, हे मला अजून नवल वाटतं.

आणि याचा आपल्या आगराशी थेट संबंध आहे. नारळ-सुपारीच्या, केळीच्या हिरव्या पानांतून गाळून येणाऱ्या उजेडातला तांबडा भाग पानंच खाऊन टाकतात, पलीकडचा तेवढा खाली उतरतो. बीला त्यातून कळतं, की डोक्यावर दुसऱ्याचं रान आहे, आत्ता उगवून उपयोग नाही. तेव्हा सावली हवी म्हणून बी केळीखाली पेरू नका. सावली करायचीच तर सुक्या झापांची करा, पांढऱ्या कापडाची करा. सगळ्याच जाती उजेडासाठी इतक्या हट्टी नसतात, पण पाकिटावरून ते कळत नाही. पेरताना बी मातीने न झाकण्यात तोटा काहीच नाही.

मग रुजवायचं कसं? याची युक्ती मला सासूबाईंनी दिली. सात रोपांकडे बघून त्या म्हणाल्या, “अगं, रहूला आपण भाताचे मोड काढून मग पेरतो ना? याचेही आधी मोड काढ की.” भाताचं बी भिजवून, उबेत दडपून मोड आणायचे आणि चिखलात फोकायचे, हे त्यांनी जन्मभर केलेलं. इथे फक्त उबेच्या जागी गारवा.

मी आता असं करते. सकाळी पारदर्शक झाकणाच्या डब्यात सुती कापडाची दुहेरी घडी ओली करून पिळून ठेवते आणि तिच्यावर बी पसरते. डबा दोन-तीन तास खिडकीशी, उन्हात नव्हे, उजेडात. कोरड्या बीला उजेड कळत नाही, भिजल्यावरच कळतो. मग डबा फ्रीजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात दोन रात्री. तिसऱ्या दिवशी बाहेर काढून घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, पुन्हा उजेडात. एक-दोन दिवसांत पांढरं टोक दिसतं. एकदा मूळ बाहेर पडलं की उष्म्याची ती अडवणूक संपते. घाटावर माठाच्या बुडाशी डबा ठेवूनही भागत असेल, कारण तिथली हवा कोरडी. आपल्याकडे दिवसभर खारा वारा, हवेत दमटपणा, त्यामुळे माठ तितका गार होत नाही. पौषात पहाटे मतलई वारा सुटतो तेव्हा मात्र फ्रीजशिवायही मला यश आलं आहे.

मोड दोन-तीन मिलिमीटरचा असतानाच तो हलवायचा, लांब झाला तर तुटतो. चाळलेली माती, गांडूळ खत आणि नारळाचा भुसा सारख्या भागाने घ्या. भुसा घरचा असो की विकतचा, गोड्या पाण्यात दोनदा भिजवून पिळून घ्या. त्यात मीठ असू शकतं आणि लेट्यूसला खारेपणा सोसत नाही. याच कारणाने, किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरींचं पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होतं, तिथे ते पाणी याला नको. मोड ओल्या मिश्रणावर नुसते टेकवायचे, वर माती नाही. पाणी ट्रेखालून द्या. वरून रोज शिंपलं तर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात.

चार-पाच पानं आली, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी, की वीतभर अंतरावर लावा. आपली जांभ्याची माती आम्ल असते, म्हणून शेणखताबरोबर मूठभर चुलीची राख मिसळा. सुट्या पानांच्या जाती घ्या. घट्ट गड्ड्याच्या आइसबर्गला लागणारी थंडी आपल्याकडे नाही. बाहेरची पानं खुडत राहिलं तर मधून नवी येत राहतात.

विकतच्या गड्ड्याचं बूड पाण्यात ठेवून नवं झाड होतं का, हे मला फार जणी विचारतात. पानं फुटतात, मुलांना बघायला गंमत वाटते. पण ती बुडात साठलेल्या शिदोरीवरची चार पानं असतात. थोड्याच दिवसांत त्यातून फुलाचा दांडा वर येतो. त्याला लागवड म्हणता येणार नाही.

खरी वाढ बीतूनच, आणि ते बी घरी धरता येतं. फाल्गुनात ऊन वाढलं की झाडं दांडा टाकतात, पानं कडू होतात, खोड मोडलं की पांढरा चीक येतो. बाकीची उपटा, पण ज्यांनी सर्वांत उशिरा दांडा टाकला अशी दोन-तीन झाडं राखा. लवकर फुलणाऱ्याचं बी धरलंत तर पुढच्या वर्षी सगळीच घाईची निघतील. फुलं बारीक, पिवळी, सूर्यफुलाच्याच कुळातली. परागण आपल्या आपण होतं, त्यामुळे बी बहुधा जातीला धरून येतं. फूल मिटल्यावर दोन-तीन आठवड्यांत म्हातारीसारखा पांढरा कापूस दिसतो. तो दिसला की रोज पिशवीत झटकून घ्या. रोहिणीच्या आत हे काम उरकायला हवं, नाही तर पावसात सगळं बुरसतं. बी सावलीत वाळवून, भाजून गार केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह काचेच्या घट्ट बरणीत, फ्रीजमध्ये. आषाढातल्या दमटपणात उघडं राहिलेलं बी दिवाळीपर्यंत निकामी होऊ शकतं.

मागच्या टेबलावर पुड्या ठेवल्या आहेत. एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार बिया बसतात, तेव्हा त्या चिमटीतही दीडदोनशे तरी आहेत. सगळ्या एकदम भिजवू नका. निम्म्या आत्ता, निम्म्या पौषात.