ब्रिज टिकतो कशाच्या जोरावर?

(दृश्य: रात्रीचा सराफा, इंदूर)

दागिन्यांची दुकानं बंद झाली की सराफ्यात भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि थंडीच्या दिवसांत गराडू. सकाळी घरोघरी पोहे, त्यावर मूठभर शेव. अशा गावात दाढ काढावी लागली की माणूस डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारतो. पूर्वीसारखं चावता येईल का? आणि ब्रिज बसवला तर किती वर्षं चालेल? ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांवर कॅप (टोपी) चढवून, त्यांना जोडून मधल्या रिकाम्या जागी बसवलेला खोटा दात.

साधारण 10 ते 15 वर्षं. दोन्ही बाजूंच्या दातांवर बसवलेल्या ब्रिजपैकी शंभरातले नव्वदच्या आसपास 10 वर्षांनंतरही तोंडात असतात, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. पण त्या काळात काहीच तक्रार न आलेले सत्तरच्या आसपास. एकाच बाजूला आधार असलेला ब्रिज त्याहून लवकर दगा देतो.

(दृश्य: क्ष-किरण चित्र, कॅपची कड)

ब्रिज ज्याचा बनतो ते झिरकोनिया (पांढरं, कठीण सिरॅमिक) किडत नाही, धातूवर चढवलेलं सिरॅमिकही किडत नाही. कॅपच्या आत मात्र आपलाच दात आहे, घासून बारीक केलेला. कॅपची कड जिथे हिरडीजवळ संपते, तिथून कीड आत शिरते. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एका बाजूचं सिमेंट सुटणं. दुसरी बाजू घट्ट असते, त्यामुळे ब्रिज निघत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. इकडे प्रत्येक घासाला सुटलेल्या कॅपखाली लाळ आत-बाहेर होते. त्या दाताचं रूट कॅनाल झालेलं असेल तर ठणकाही लागत नाही. तोंडाला वास येणं, विचित्र चव लागणं, एवढीच खूण. तिच्याकडे कृपया दुर्लक्ष करू नका.

लांबीचाही हिशोब आहे. जाडी तीच ठेवून ब्रिज दुप्पट लांब केला, तर तेवढ्याच दाबाखाली तो आठपट वाकतो. म्हणून सलग तीन-चार दात नसतील, तर दोन दातांवर सगळा भार टाकण्याआधी इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताचा) विचार व्हायला हवा. माझ्या मते शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील, तर एका दातासाठीसुद्धा हा प्रश्न विचारावा. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही.

(दृश्य: दवाखाना, आरसा हातात धरलेल्या एक काकू)

"काकू, वरून दोरा जाणार नाही, दात जोडलेले आहेत ना. असा खालून ओवायचा."

डॉक्टरांच्या हातात सुपर फ्लॉस आहे. त्याचं एक टोक कडक असतं. ते खोट्या दाताखालून आरपार काढायचं आणि मधला मऊ, फुगीर भाग मागेपुढे फिरवायचा. पोह्यांचा कण, शेवेचा चुरा तिथेच अडकतो आणि साध्या ब्रशनं निघत नाही. रोज रात्री दोन मिनिटं लागतात.

तंबाखू, गुटखा आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हिरड्या आणि हाड पोखरतात, मग आधाराचा दातच हलू लागतो. झोपेत दात खाणाऱ्यांनी नाइट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं कवच) लावावा, नाहीतर सिरॅमिकचे टवके उडतात.

कीड लवकर सापडली, तर ब्रिज कापून काढता येतो, दात भरता येतो आणि त्याच दातांवर नवा ब्रिज बसतो. उशीर झाला, तर आधाराचा दातही काढावा लागतो आणि पुढचा ब्रिज आणखी लांब होतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे, दुखत नसलं तरीही.