आडव्या पडलेल्या म्हशीला काही पाजू नका

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावातल्या एका खाजगी जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. सकाळी कुत्र्या-मांजरांच्या लसी, मग हत्यारं उकळणं, टाके घातलेल्या जनावरांची मलमपट्टी. खेड्यातनं फोन आला की औषधांची पेटी उचलून डॉक्टरांच्या गाडीत बसायचं. निदान आणि उपचार नोंदणी झालेल्या डॉक्टरांनीच करायचे, आम्ही त्यांच्या देखरेखीखाली, असं 1984 चा पशुवैद्यकांचा कायदा सांगतो. ते योग्यच आहे. पण घाबरलेलं जनावर धरणं आणि घाबरलेलं घर सांभाळणं, हे काम बहुतेक आमच्याकडंच येतं.

आज एकच गोष्ट सांगायची आहे. व्यालेली म्हैस आडवी पडली, तर तिच्या घशात काही ओतू नका.

पावसाळ्यात जांबोटीकडच्या एका गावातनं फोन आला. चौथ्या वेताची म्हैस, आदल्या रात्री व्यालेली, दुपारपासून उठंना. आम्ही पोचलो तेव्हा गोठ्यात सगळी गल्ली जमलेली. म्हशीनं मान वळवून कुशीला लावलेली, नाकपुडी कोरडी, शेणही टाकलेलं नाही. आणि घरातल्या आजी एका हातानं तिचा जबडा वर करून दुसऱ्या हातात तेल-गुळाची बाटली धरून उभ्या.

मी दारातनंच ओरडले, "आजी, थांबा!"

आजी म्हणाल्या, "अगं, माझी सासूबी हेच पाजायची की."

मी त्यांचा हात धरून म्हशीच्या कानाला लावला. कान थंडगार. "आजी, तिच्यात गिळायची ताकदच नाही. हे पोटात जाणार नाही, फुफ्फुसात जाईल." आजींनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, बाटली खाली ठेवली आणि सुनेला हाक मारली, "चुलीवर पाणी ठेव गं!" पाणी हवंच होतं. कॅल्शियमची 450 मिलीची बाटली शिरेतनं द्यायची तर आधी कोमट करावी लागते.

घरातल्या पोरांनी म्हशीला छातीवर बसती केली, दोन्ही बाजूंनी भुशाची पोती लावली. मी मानेला दोरी आवळली, शीर फुगली, डॉक्टरांनी सुई घातली. मग बाटली धरायचं काम माझं. डॉक्टरांच्या कानात स्टेथोस्कोप, हृदयावर लक्ष. ते "हळू" म्हणाले की मी बाटली खाली घ्यायची. घाई केली तर हृदयच थांबू शकतं. पाऊस पत्र्यावर बडवत होता, आजी म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत होत्या. अर्धी बाटली गेल्यावर म्हशीच्या अंगाला थरथर सुटली. लोक घाबरले, पण मला आनंद झाला, कारण ते चांगलं लक्षण असतं. मग तिनं मोठा ढेकर दिला. बाटली संपता संपता शेण टाकलं. आणि थोड्या वेळानं मागचे पाय आधी टेकवून उभीच राहिली! दारातला कानडी शेजारी ओरडला, "एद्दितु, एद्दितु!" म्हणजे उठली, उठली! आजी मला म्हणाल्या, "पोरी, जेवूनच जायचं."

बेळगावच्या कुंद्याचं, त्या दुधाच्या मिठाईचं, कौतुक सगळे करतात, मीही करते. पण पेढीवर जे नाव झळकतं, त्याच्याइतकाच मान दुधासाठी म्हशी सांभाळणाऱ्या अशा आजींना मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

त्या म्हशीला झाला होता तो आजार म्हणजे दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, उलट अंग गार पडतं. व्याल्यावर चिकातनं, म्हणजे पहिल्या घट्ट दुधातनं, कॅल्शियम झपाट्यानं बाहेर जातं, रक्तात कमी पडतं. जास्त दुधाच्या, तिसऱ्या-चौथ्या वेतापुढच्या जनावरांना, बहुतेकदा व्याल्यानंतरच्या तीन दिवसांत धोका असतो. म्हणून पुन्हा सांगते: कान गार, मान कुशीला, उठवत नाही, तर काही पाजू नका. छातीवर बसती ठेवा, पोत्यांचा आधार द्या, डॉक्टरांना बोलवा.

आणि बरी झाल्यावर खरवसाच्या हौसेनं सगळी कास रिकामी करू नका. एक-दोन दिवस थोडं थोडंच पिळा. पहिला चीक रेडकाचा, तोही व्याल्यानंतर पहिल्या दोन तासांतच पाजा.

नमस्कार.