शिकागोत दोनदा बारा वाजले

नमस्कार, श्रोतेहो.

१८ नोव्हेंबर १८८३, रविवार. अमेरिकेतल्या शिकागो शहरात त्या दिवशी दुपारचे बारा दोनदा वाजले. एकदा सूर्य डोक्यावर आला तेव्हा, रोजच्यासारखे. मग घड्याळं सुमारे साडेनऊ मिनिटं मागे घेतली आणि पुन्हा एकदा. आपल्याकडे ‘बारा वाजणे’ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. तो अर्थही इथे अगदीच गैरलागू नाही.

तोवर तिकडे गावागणिक वेळ वेगळी असायची. ज्याचा त्याचा सूर्य, ज्याचं त्याचं घड्याळ. गाड्यांची वेळापत्रकं जुळवताना रेल्वे कंपन्यांच्या नाकी नऊ यायचे. शेवटी त्यांनीच देशाचे चार पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याला एकेक वेळ लावून दिली. सरकारनं नव्हे हं, कंपन्यांनी. संसदेनं तसा कायदा केला तो थेट १९१८ मध्ये. आपली मुंबई या बाबतीत जास्त हट्टी. १९०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ आली, तरी या शहरानं आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

रोजच्या जगण्यातल्या गोष्टी ठरवायचा हक्क अमेरिकन माणसाच्या गावातून उठला आणि लांबच्या कुठल्या तरी कचेरीत जाऊन बसला, तो हा काळ. घड्याळ ही त्यातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट.

गव्हाचं काय झालं बघा. आधी शेतकरी गहू पोत्यांत भरून पाठवायचा. विकला जाईपर्यंत ते पोतं त्याचं असायचं. नदीतून, कालव्यातून, हमालांच्या पाठीवरून गेलं तरी त्याचंच. मग रेल्वे आली आणि शिकागोत धान्याची उंचच उंच कोठारं उभी राहिली. तिकडे त्यांना एलेव्हेटर म्हणतात. आत वाफेच्या इंजिनावर फिरणारा पट्टा, पट्ट्याला ओळीनं बादल्या. वाघिणीतला सुटा गहू बादल्यांनी वर चढायचा, वजन व्हायचं आणि आपापल्या प्रतीच्या कोठीत कोसळायचा. पोतं गेलं, आणि पोत्याबरोबर शेतकऱ्याचं नावही गेलं. तुमचा निवडून-पाखडून पाठवलेला गहू आणि शेजाऱ्याचा जेमतेम गहू, दोन्हीला ‘नंबर दोन’ म्हटलं की एकच ढीग. हातात उरायची पावती. शिकागोच्या धान्यबाजारात, तिथल्या बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये, या पावत्यांचे सौदे व्हायचे. पुढे तर अजून शेतातही नसलेल्या गव्हाचे व्हायला लागले.

प्रत कोण ठरवणार? साठवणुकीचा दर कोण ठरवणार? १८७४ च्या सुमारास शिकागोत अशी चौदा कोठारं होती आणि ती नऊ पेढ्यांच्या हातात होती. या पेढ्या दर आपसांत ठरवायच्या. तेही चोरून नाही. दर जानेवारीत चक्क वर्तमानपत्रात छापून! आडत, तोलाई, हमाली वजा जाऊन उरलेल्या आकड्याची पट्टी ज्यानं हातात घेतली आहे, त्याला त्या शेतकऱ्याचा चेहरा वेगळा वर्णन करून सांगायला नको.

पण तो शेतकरी गप्प बसला नाही. १८६७ मध्ये सुरू झालेली ‘ग्रेंज’ ही शेतकऱ्यांची संघटना गावोगाव पसरली होती. शिकागो ज्यात येतं त्या इलिनॉय राज्यानं कोठारांच्या दरावर कमाल मर्यादा घातली. कोठारवाले कोर्टात गेले. मालमत्ता आमची, दर ठरवणारे तुम्ही कोण? १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ज्या मालमत्तेशी साऱ्या समाजाचं हित बांधलेलं आहे, तिच्यावर समाजाला नियम घालता येतात. एवढ्या थोड्या शब्दांत एवढं मोठं काम करणारे निकाल मी फार पाहिले नाहीत.

भावाचं दुखणं मात्र कोर्टात बरं होणारं नव्हतं. शिकागोच्या मॅकॉर्मिक कंपनीचं कापणीयंत्र उधारीवर मिळायचं. यंत्र घेतलं की जास्त पेरायचं, जास्त पेरलं की भाव पडायचा, भाव पडला की हप्ता फेडायला आणखी पेरायचं. १८८१ मध्ये एका बुशेलला, म्हणजे साधारण सत्तावीस किलोला, डॉलरच्या वर मिळत होते. १८९४ मध्ये अर्धा डॉलर मिळायची मारामार. कर्जाचा आकडा मात्र होता तिथेच. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या बाजारात रशियाचा गहू होता, अर्जेंटिनाचा होता, आणि मुंबई-कराचीच्या बंदरांतून गेलेला आपलाही होता. कॅन्ससच्या शेतकऱ्याला आपला गहू पाडत होता आणि आपल्याला त्याचा. दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

आणि तरीही, याच शिकागोत १८७२ मध्ये माँटगोमेरी वॉर्डनं टपालानं माल विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याची पहिली गिऱ्हाइकं ग्रेंजचीच मंडळी होती. गावातल्या दुकानदारानं अवाच्या सवा लावलेली वस्तू शिकागोहून स्वस्तात यायची. मोठ्या भांडवलाला शिव्या देणारा शेतकरी रात्री दिव्याच्या उजेडात त्याच भांडवलाचं सूचीपत्र चाळत बसायचा. मला यात ढोंग दिसत नाही. संसार असाच चालतो.

आता कारखान्याकडे वळू. १ मे हा आपल्याकडे महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिनही. त्यातला कामगार दिन आला तो शिकागोहून. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी तिथल्या हजारो कामगारांनी काम थांबवलं. त्या सुमारास आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेतच होत्या; आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी मार्चमध्ये फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. ३ मे रोजी त्याच मॅकॉर्मिकच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला, ४ तारखेला हेमार्केटच्या सभेत पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कुणी टाकला हे सिद्ध झालंच नाही. फाशी मात्र चौघांना झाली.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते शहराच्या दक्षिणेला, पुलमन नावाच्या गावात. रेल्वेचे आलिशान शयनयान डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमननं १८८० पासून हे गाव आपल्या कामगारांसाठी वसवलं. लाल विटांची घरं, नळ, गॅस, बागा, नाट्यगृह, ग्रंथालय. घरं खरोखर चांगली होती; त्या काळच्या चाळींशी तुलनाच नको. फक्त ती विकत घेता येत नव्हती. आणि दारूचा गुत्ता नव्हता, हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांची सोय सोडली तर.

१८९३ मध्ये मंदी आली. कंपनीनं मजुरी सरासरी पाव हिश्शानं कापली. घरभाडं एका पैशानंही उतरवलं नाही. भागधारकांचा लाभांशही चालू राहिला. मे १८९४ मध्ये कामगार संपावर गेले. युजीन डेब्सच्या रेल्वे कामगार संघटनेनं ठरवलं की पुलमनचा डबा जोडलेल्या गाडीला हात लावायचा नाही. बघता बघता सत्तावीस राज्यांत मिळून अडीच लाख माणसं या बहिष्कारात उतरली. टपाल अडतं या सबबीवर सरकारनं कोर्टाचा मनाईहुकूम आणला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शिकागोत फौज उतरवली. संप मोडला, डेब्सना सहा महिने तुरुंग. बहिष्कार ऐन भरात असताना, २८ जूनला, याच क्लीव्हलंड यांनी सप्टेंबरमधल्या कामगार दिनाच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली होती. अमेरिकेत आजही कामगार दिन सप्टेंबरमध्येच असतो.

पुलमन गावात विल्यम कार्वर्डीन नावाचे मेथॉडिस्ट पाद्री होते. त्यांनी लिहून ठेवलंय की पगारातून भाडं कापून जाता जाता एका कामगाराच्या हातात जो चेक पडला, तो होता दोन सेंटचा. त्यानं तो वटवला नाही. त्याची फ्रेम करून घेतली. ती ज्या भिंतीवर लावली असेल, ती भिंत कंपनीची.