जुनी काच, बोअरचं पाणी आणि वैशाखाचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी मासे आणि पाणझाडं ठेवायची जुनी काचेची टाकी कुणी विकायला काढली, की बघायला जाणारा आधी ओरखडे बघतो. पाणी भरल्यावर बारीक ओरखडे निम्मे दिसतही नाहीत. बघायचे असतात ते जोड. दोन काचा जिथे एकमेकींना टेकतात, त्या फटीतल्या सिलिकॉनमध्ये बुडबुडे किंवा पांढरट पट्टा दिसला, तर सांधा सुटायला लागलाय. अशी टाकी पूर्ण सोडवून पुन्हा जोडावी लागते, म्हणून ती फुकट मिळाली तरी महागच. आतल्या कोपऱ्यातली सिलिकॉनची पट्टी काळपट पडली असेल, नखाने उचलत असेल, तर मात्र घाबरू नका. ती बदलता येते. काचेची जाडीही मोजून घ्या. या मापाला 10 मिलिमीटरपेक्षा पातळ काच आणि वर आडवी पट्टीही नाही, अशी टाकी सोडून द्या.

पट्टी बदलताना जुनी ब्लेडने पूर्ण खरवडून काढायची, कारण जुन्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही. काच स्पिरिटने पुसून कोरडी करा. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमधलं औषध माशांना मारतं. एक कोपरा एका दमात भरून बोट फिरवा आणि आठवडाभर टाकीला हात लावू नका. क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगर किंवा लिंबाने निघतात. साबण नको.

मग सावलीत, सपाट जागी थर्माकोलवर टाकी ठेवून आधी एक तृतीयांश, मग अर्धी, मग पूर्ण भरा. खाली वर्तमानपत्र अंथरा. थेंबभर गळती असली तरी कागद सांगतो. 48 तास थांबा. दोन तासांत गळली नाही म्हणून घरात नेलेली टाकी दुसऱ्या रात्री गळू शकते.

वजनाचा हिशेब अनेकजण करतच नाहीत. ही टाकी 9 घनफुटांची, म्हणजे जवळपास 255 लिटरची. पाणी, काच, वाळू आणि स्टँड मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास. सहा चौरस फुटांत पाच माणसं कायमची उभी आहेत असं समजा. धाब्याच्या घरात लाकडी माडीवर ती ठेवूच नका. स्लॅबच्या घरात भिंतीला लागून, तुळईजवळ ठेवा. पश्चिमेची भिंत दुपारी तापते, तीही टाळा. स्टँडची पातळी मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीने तपासा. एक कोपरा 4-5 मिलिमीटरने खाली असला तरी ताण एकाच जोडावर येतो.

आता तळ. आपल्याकडे काळी कसदार माती दाराशीच असते, आणि ती टाकीत घालायचा मोह होतो. शेतातली नकोच, तिच्यात खत आणि तणनाशक असतं. शिवाय ही माती फुगते, आणि तिचे बारीक कण एकदा पाण्यात उठले की दिवसेंदिवस बसत नाहीत. माती वापरायचीच तर खत न पडलेल्या जागची, चाळलेली, 2 सेंटिमीटरचा थर, वर 5 सेंटिमीटर जाड वाळू. नवख्याने नुसती वाळू वापरावी, आणि मुळाशी खताच्या गोळ्या खोचाव्यात. 2-3 मिलिमीटर दाण्याची वाळू 6 सेंटिमीटर पसरायला या टाकीला साधारण 50 किलो लागते. नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात. मूठभर वाळूवर व्हिनेगर ओता. फसफसली तर ती पाणी आणखी कठीण करणार, म्हणजे दुसरी शोधा.

पाणी मुळातच कठीण असतं हे बोअरवाल्यांना सांगायला नको. हंड्याला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. या पाण्याशी भांडण्यापेक्षा त्याला मानवणारी झाडं लावा. व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन. नुसतं आरओचं पाणीही भरू नका, त्यात झाडांना लागणारे क्षारच उरत नाहीत. फार कठीण पाणी असेल तर निम्मं आरओ मिसळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटीक्लोरीनने मारा, किंवा पाणी 24 तास हवेचा पंप लावून ठेवा.

टाकीत आधी 10 सेंटिमीटर पाणी घ्या, झाडं लावा, मग थाळीवर धार धरून हळूहळू भरा. पहिल्याच दिवशी दोन तृतीयांश तळ झाडांनी भरला पाहिजे. विरळ लावली की मोकळी जागा शेवाळ घेतं. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. ते दगडाला दोऱ्याने बांधा. क्रिप्टोकोरीनची पानं जागा बदलल्यावर विरघळतात. मेलं समजून उपटू नका, मुळातून परत येतं. प्रकाशाला 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, टायमरवर रोज 6 तास. महिन्याने 8.

जुन्या टाकीबरोबर फिल्टर मिळाला, तर त्यातला स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून आणा. त्यातले जिवाणू हाच खरा सौदा. वाळलेला स्पंज म्हणजे नुसता फोम. फिल्टर तासाला 1000 ते 1200 लिटर फिरवणारा हवा. जिवाणू नसतील तर माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, तेही विषारीच, मग कमी घातक नायट्रेट व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. आपल्याकडे इथेच जास्त मासे मरतात. कठीण पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, बहुधा वरचा असतो, आणि सामू नि तापमान वाढलं की तेवढाच अमोनिया कैक पटींनी विषारी होतो. म्हणून पहिले मासे घाईने नकोत.

टाकी दिवाळीनंतर मांडा, म्हणजे चैत्रापर्यंत झाडं रुजतात. पुढे जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो, आणि खोलीतलं पाणी 33-34 अंशांवर. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, झाडं वितळू लागतात. लोक बर्फाची बाटली सोडतात. 1 किलो बर्फाने एवढ्या पाण्याचं तापमान अर्धा अंशही उतरत नाही. माठ आठवा. माठातलं पाणी गार होतं ते पाझरून उडाल्यामुळे. टाकीवरचं झाकण काढा, मासे उडी मारू नयेत म्हणून जाळी लावा, आणि पृष्ठभागावर तिरका पंखा सोडा. 1 लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी न्यायला 5 किलोहून जास्त बर्फ लागेल. कोरड्या उन्हात पंख्याने 2 ते 4 अंश उतरतात. श्रावणातल्या दमट हवेत तोच पंखा निरुपयोगी, पण तेव्हा गरजही नसते. उन्हाळ्यात रोज 4-5 लिटर पाणी उडतं. ती भर आरओच्या पाण्याने घाला, कारण पाणी उडतं, क्षार मागेच राहतात.

दुपारी लाईट गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा, 3-4 तास बंद राहिला असेल, तर तो उघडून टाकीच्या पाण्यात विसळल्याशिवाय चालू करू नका. आतलं सडकं पाणी थेट माशांवर येतं. वायर बोर्डात जाण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही.

पाणी तपासायच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की पहिल्या खेपेला 6 मॉली किंवा प्लॅटी. त्यांना कठीण पाणी मानवतं. निऑन टेट्राला नाही. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला. आणि विकणारा टाकीबरोबर काळा सकर मासा फुकट देऊ लागला, तर घेऊ नका. तो फूटभराच्या वर वाढतो, झाडं उपटतो, आणि मग कुणीतरी तो तापी-गिरणेत नेऊन सोडतो, जिथे तो मूळच्या माशांच्या जागेवर हक्क सांगतो. तो विकणाऱ्याकडेच राहू द्या.