कारगिल दिनाला स्टेटस ठेवलं, मग ७ डिसेंबरला काय करता?

नमस्कार मंडळी!

२६ जुलै आला की फोनवर एक मेसेज हमखास पडतो: "कारगिल विजय दिनाच्या हार्दिक शुभेच्छा." चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर साहेबांचा फोटो केवढा तरी, भाऊंचा त्याहून मोठा, आणि खाली कोपऱ्यात झेंडा रोवणारे जवान अंगठ्याएवढे. कोण जवान, कुठली पलटण, फ्लेक्स लावणाऱ्यालाही पत्ता नसतो. (मुंबईकरांची गोष्ट वेगळी. त्यांना २६ जुलै म्हटलं की आधी २००५चा पाऊस आठवतो.)

१९९९च्या त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले. शिखरं परत मिळाली म्हणून तो विजय दिन, आणि ५२७ घरांत तो श्राद्धाचाही दिवस. ज्या आईचा मुलगा तिरंग्यात गुंडाळून घरी आला, तिला आपण हार्दिक शुभेच्छा देतोय. अभिवादन म्हणा ना! एवढा साधा बदल आहे.

[स्क्रीनवर: कॅलेंडर, तारखांवर गोल]

सैनिकांच्या नावाने जे दिवस पाळतात, त्यात दोन वेगळे हिशोब असतात. एक गेलेल्यांचा, दुसरा परत आलेल्यांचा. अमेरिकेत ते चक्क दोन दिवसांत वाटून टाकलेत. मे महिन्याचा शेवटचा सोमवार, मेमोरियल डे, फक्त युद्धात गेलेल्यांसाठी. ११ नोव्हेंबर, व्हेटरन्स डे, फौजेत नोकरी केलेल्या सगळ्यांसाठी. ११ नोव्हेंबर का, तर १९१८ साली त्या दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं. तिकडे राहणारी आपली मंडळी सांगतील, मेमोरियल डेला जिवंत माजी सैनिकाला "थँक यू" म्हणायला गेलं की तोच सांगतो, बाबा, आजचा दिवस माझा नाही.

आपल्याकडे तारखा आहेत भरपूर, पण हा फरक सहसा कुणी सांगत नाही. १६ डिसेंबर: १९७१ साली ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली, तो विजय दिवस. १५ जानेवारी लष्कर दिन: १९४९ साली करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले. २०२५ला त्याचं संचलन पुण्यात, खडकीला झालं, तेव्हा तुमच्यातले काही जण गेलेही असतील. २१ ऑक्टोबर हा पोलिसांचा स्मृतिदिन, १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस गेले, तिथून त्याची सुरुवात.

आणि १४ जानेवारी? आपल्याला १४ जानेवारी म्हणजे तिळगूळ, फार तर पानिपत. पण करिअप्पा १९५३ साली त्याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून हा दिवस माजी सैनिकांचा. गेल्या काही वर्षांपासून सरकारी पातळीवर साजरा होतो, पण संक्रांतीच्या गडबडीत जातो वाहून. तिळगूळ वाटायला बाहेर पडणारच आहात, तर गल्लीतल्या "मेजरां"च्या घरी आधी जा. सातारा-सांगलीकडे हवालदार असो की नाईक, गावात सगळे त्याला मेजरच म्हणतात.

माजी सैनिक म्हटल्यावर पांढऱ्या मिशा आणि छातीवर पदकं असं चित्र डोळ्यांपुढे आलं असेल, तर ते पुसा. साधा जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पोरं शाळेत, डोक्यावर घराचं कर्ज, म्हणून दुसरी नोकरी बघावीच लागते. बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेले काका बऱ्याचदा हेच असतात. जवानाला पेन्शन लागायला १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेल्यांचं काय? आता २०२२पासून अग्निवीर आलेत. चार वर्षांनी चारातला जेमतेम एक कायम होणार, बाकीच्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यावर एक वेगळा व्हिडिओ करावाच लागेल.

आता येऊ ७ डिसेंबरकडे. सशस्त्र सेना ध्वजदिन. माझ्या मते या सगळ्यात हा सगळ्यात कामाचा दिवस, आणि सगळ्यात दुर्लक्षित.

१९४९पासून तो पाळला जातो. शाळेत बाईंनी टाचणी लावलेला छोटा कागदी झेंडा दिला होता, आठवतंय? लाल, गडद निळा, फिका निळा. भूदल, नौदल, हवाई दल. घरून सुट्टे पैसे आणायचे, झेंडा खिशाला लावायचा, विषय संपला. ते पैसे कुठे जातात हे बाईंनीही सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही.

ते जातात ध्वजदिन निधीत. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याला संकलनाचा इष्टांक ठरवून दिला जातो, कलेक्टर साहेबांच्या हस्ते शुभारंभ होतो, पेपरात आतल्या पानावर फोटो येतो. बरीचशी जमवाजमव सरकारी कार्यालयांतून होते. म्हणजे सामान्य माणसापर्यंत हा दिवस पोचतच नाही.

[स्क्रीनवर: आकडे]

खर्च कशावर होतो ते बघा. पेन्शन नसलेला, पासष्टी ओलांडलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. बरीच वर्षं ती ४,००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५पासून ८,००० झाली. मुलांच्या शिक्षणासाठी महिना १,००० मिळायचे, ते २,००० झाले, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नाला ५०,०००चे एक लाख. हा पैसा ध्वजदिन निधीतून येतो. दुप्पट केले हे चांगलंच, पण आठ हजारांत आजच्या घडीला काय होतं, हे घर चालवणाऱ्याला सांगायला नको.

याच निधीतून खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरलाही मदत जाते. मणक्याला गोळी लागली किंवा अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर गेलं, असे जवान तिथे राहतात. मणक्यात गोळी हे ऐकायला लांबचं वाटतं. मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले. पुढे पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक. भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली कधी? २०१८ला. मधल्या ४६ वर्षांत किती २६ जानेवाऱ्या झाल्या, मोजा.

द्यायचे कसे? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, बहुतेक ठिकाणी कलेक्टर कचेरीच्या आसपासच असतं, आणि पावती घ्या. किंवा केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाइटवरून भरा. प्राप्तिकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली कर सवलत मिळते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका, त्यावर कितीही तिरंगे असोत. आणि सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं गृहखात्याची आहेत, त्यांच्यासाठी "भारत के वीर" हा वेगळा निधी आहे.

पैशांपेक्षाही उपयोगी पडेल असं एक काम सांगतो. माजी सैनिकांना घरपट्टी माफीची योजना आपल्या राज्यात आहे. पण ती आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो. तुमच्या गावातल्या एखाद्या वीरपत्नीला किंवा म्हाताऱ्या फौजी आजोबांना विचारा, अर्ज केलाय का? नसेल तर ग्रामपंचायतीत सोबत जा.

स्मारकांबद्दल थोडक्यात. दिल्लीत इंडिया गेटजवळ २०१९ला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं. तिथल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव कोरलंय, पंचवीस हजारांहून जास्त. सेल्फी काढा, हरकत नाही, पण आधी एखादं नाव तरी वाचा. पुण्यात कॅम्पाजवळ घोरपडीला जे स्मारक आहे, ते नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय.

आणि दिल्ली-पुण्याला जायचीच गरज नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, सरकारी कागदावरही मिलिटरी लावून. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, आणि गावात त्याचं स्मारक आहे. अशा पाट्या महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आहेत: चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत बसवलेला संगमरवरी चौकोन, या गावातून १९१४ ते १९१९च्या युद्धावर इतके गेले, त्यातले इतके कामी आले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, नुसते आकडे. त्यावर दर दिवाळीला चुना चढतो किंवा निवडणुकीत पोस्टर.

तर तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर फोटो काढा आणि कमेंटमध्ये गाव, तालुका आणि दोन्ही आकडे लिहा. चुना खरवडायला पत्रा किंवा ॲसिड लावू नका, अक्षरं जातील. पाणी आणि मऊ ब्रश पुरे. आणि गेलेल्यांपैकी कुणाचं नाव घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत असेल, तर तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण त्या गावांची यादी करू.