अल्बममागची नावं

[दृश्य : म्हापसा, सकाळ. बाजारातली गर्दी.]

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. मयड्याची केळी, खोल्याची मिरची, मातीची भांडी, आणि वाट काढत पुढे सरकणारी माणसं. हाच शुक्रवार आता जगभरच्या नव्या गाण्यांचाही वार झाला आहे. पूर्वी नवे अल्बम इंग्लंडात सोमवारी यायचे, अमेरिकेत मंगळवारी. १० जुलै २०१५पासून जगातल्या बहुतेक कंपन्यांनी शुक्रवार ठरवून टाकला. त्यामुळे गुरुवारची रात्र उलटली, की फोनवर नव्या गाण्यांचा ढीग पडलेला असतो.

या ढिगातून काय उचलायचं? आणि जे उचललं ते कसं पारखायचं?

ॲप एक वाट दाखवतं. तुम्ही काल जे ऐकलंत त्याच्या शेजारचं काहीतरी आज पुढे करतं, उद्या त्याच्याही शेजारचं. त्यात वाईट काही नाही, पण माणूस त्याच वाड्यात फिरत राहतो. आम्हाला दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते. ती म्हणजे अल्बमवर काम केलेल्या माणसांची नावं वाचणं. आणि हे सांगायला गोव्यासारखी जागा नाही.

[दृश्य : जुन्या तबकड्यांची वेष्टनं. कॅमेरा छापील नावांवरून फिरतो.]

१९५१ सालचा ‘अलबेला’. संगीत सी. रामचंद्र, पडद्यावर भगवानदादा. त्या चित्रपटात जो बँड वाजताना दिसतो, त्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा यांनी केली. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकून गोव्याची माणसं मुंबईच्या स्टुडिओंत गेली. चालीला बाजूचे सूर, मधले तुकडे, सुरुवातीची ती चार सेकंदं, ज्यांवरून आपण गाणं ओळखतो, ती बहुतेक त्यांच्या वह्यांतून आली. तबकडीच्या वेष्टनावर मात्र गायक, संगीतकार, गीतकार. या गोवेकरांची नावं क्वचितच.

आज परिस्थिती बदलली आहे. स्पॉटिफायवर गाण्याच्या बाजूचे तीन ठिपके दाबा, श्रेयनामावली उघडते. बँडकॅम्प या, कलाकार जिथे स्वतःच आपले अल्बम विकतात त्या संकेतस्थळावर अल्बमच्या पानावर ते स्वतः लिहितात, ढोल कुणी वाजवला, मिक्सिंग कुणी केलं, कव्हरचं चित्र कुणाचं. ही नावं फार थोडे लोक वाचतात. नव्या संगीताचा खरा नकाशा तिथेच आहे.

एक उदाहरण घ्या. ‘निर्वाणा’ या बँडचा १९९३चा ‘इन यूटेरो’. कानठळ्या बसवणारा, खरखरीत, रागावलेला. तो ध्वनिमुद्रित केला स्टीव्ह अल्बिनी यांनी. हे नाव धरून पुढे गेलात तर तुम्ही २००६ सालच्या ‘ईस’ या अल्बमपाशी पोहोचता. तिथे जोआना न्यूसम नावाची बाई हार्प वाजवत गाते, पाचच गाणी, त्यांतलं एक जवळजवळ सतरा मिनिटांचं. तिचा आवाज आणि हार्प अल्बिनींनीच मुद्रित केली. आवाजाच्या जातीवरून हे दोन अल्बम कुणी शेजारी ठेवले नसते. पण दोन्हींत ऐकू येतं ते एकच इमान : समोर जे वाजलं, ते तसंच पकडायचं.

[दृश्य : फोंडा तालुका. पावसाळी संध्याकाळ. घराच्या वसरीवर पाच-सहा माणसं, मध्ये दोन स्पीकर.]

फोंड्याजवळच्या एका गावात काही मंडळी शुक्रवारी संध्याकाळी जमतात आणि एक नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकतात. चहा होतो, बोलणं नाही. घरमालक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, गावच्या भजनात तबला वाजवणारे, गणेशचवथीत घुमट आरतीला, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीला, हमखास पुढे. अल्बम निवडते त्यांची भाची. ती पणजीला कॉलेजात आहे.

सलग ऐकण्याचा हा आग्रह आम्हाला पटतो, त्याला कारण आहे. गाण्याला आकार देण्यात यंत्राचा हात नेहमीच राहिला आहे. याच तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानातून जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. मैफलीत ज्यांचा राग तासभर उलगडायचा, त्यांना मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एवढीच जागा होती. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. मग दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कोणतं, याला अर्थ आला. आता हिशेब तीस सेकंदांचा आहे. स्पॉटिफायवर तेवढं ऐकलं की एक ऐकणं मोजलं जातं. म्हणून कितीतरी नवी गाणी सगळा ऐवज पहिल्या अर्ध्या मिनिटातच उधळून मोकळी होतात, आणि अल्बमची चांगली गाणी पहिल्या तिनांत कोंबलेली असतात. पाचव्या-सहाव्या गाण्याला जो अल्बम उभा राहतो, तो कुणीतरी मनापासून रचलेला असतो.

वसरीवर आणखी एक नियम आहे. आवाज सुरुवातीला एकदा लावायचा, मग हात लावायचा नाही. दोन अल्बमांची तुलना असेल तर दोन्ही सारख्याच आवाजात. तीच गोष्ट जरा मोठ्यानं ऐकली की कानाला ती अधिक चांगली वाटते, हे ध्वनिमुद्रणवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यासाठीच वर्षानुवर्षं गाणी दाबून-दाबून मोठी केली गेली. हळू आणि जोरात यांतला फरकच त्यात चेपला जातो. पहिल्या ऐकण्यात असं गाणं जिंकतं. तिसऱ्या ऐकण्यात डोकं दुखतं. म्हणून आम्ही म्हणू, पहिल्या दिवशी मत देऊ नका. एकदा सलग ऐका, एकदा शब्द समोर ठेवून, एकदा गाडीत किंवा स्वयंपाकघरातल्या साध्या स्पीकरवर.

आणि परीक्षणांतले आकडे? ‘पिचफोर्क’ हे संगीतपरीक्षणाचं संकेतस्थळ नव्वदच्या दशकापासून चालू आहे, दहापैकी दशांशात गुण देतं, आणि तिथे उत्तम लिहिणारी माणसं होऊन गेली. ‘मेटाक्रिटिक’ अनेकांच्या गुणांची सरासरी काढतं. सरासरीत भांडण हरवतं. निम्म्यांनी डोक्यावर घेतलेला आणि निम्म्यांनी फेकून दिलेला अल्बम तिथे मध्यम दर्जाचा दिसतो, आणि बहुधा तोच ऐकण्यासारखा असतो. गुण सोडा, सर्वांत नाराज परीक्षण वाचा. काय खटकलं ते नेमकं लिहिलेलं असेल, तर तुम्हाला ते खटकेल की भावेल हे लगेच कळतं.

[दृश्य : शिवोली. नदीकाठचा रस्ता.]

घरी केलेल्या अल्बमांना वेगळा कान लावावा लागतो. १९८४ साली मुंबईच्या कंपन्यांनी नाकारल्यावर शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी ‘गोवन क्रेझी’ घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर मुद्रित केला. वाद्यं स्वतःच वाजवली, कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत नेऊन दिल्या. चार ट्रॅक म्हणजे एका वेळी चारच आवाज. पाचवा हवा तर आधीचे एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, आणि दर उतरवणीला थोडी खरखर वाढते. अशी खरखर दोष म्हणून मोजू नये. त्या खोलीत, त्या साधनांत माणसानं काय साधलं ते पाहावं. आज लॅपटॉपवर ट्रॅकांना अंत नाही, आणि अडचण उलटी झाली आहे. काय वगळायचं हे ज्याला कळलं, त्याचा अल्बम टिकतो.

[दृश्य : पुन्हा वसरी. भाचीच्या हातात फोन.]

त्या संध्याकाळचा अल्बम गोव्यातल्याच एका तरुण बँडचा होता. गिटार, सिंथ, कोंकणी आणि इंग्रजी शब्द, आणि दोन गाण्यांत घुमट. दुसरं गाणं संपल्यावर मास्तरांनी नियम मोडला. “बाय, परत लाव.”

पुन्हा लागलं. त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि मान हलवली.

“मामा, काय झालं?”

“हा वाजवलेला नव्हे. एकदाच वाजवून चिकटवत नेलाय.”

घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर कातडं, लहान उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. एक हात कातड्यावर पडतो, दुसऱ्याचा तळवा लहान तोंड झाकतो, उघडतो, आणि खर्ज वाकतो. जिवंत माणसाचे दोन ठोके कधी तंतोतंत सारखे वाकत नाहीत. दुसऱ्या गाण्यात ते सगळे सारखे होते. चौथ्या गाण्यात मात्र तळवा ऐकू येत होता. एका ठिकाणी तो किंचित उशिरा उघडला, आणि खर्ज गिटारच्या खालून सरकत वर आला. “हा कोण?” मास्तरांनी विचारलं. “ह्यानं चवथी खाल्ल्यात.”

नामावलीत गायिका होती, गिटार होती, मिक्सिंग होतं, घुमटवाला नव्हता.

भाचीनं तिथूनच बँडला संदेश टाकला. अल्बमचे पैसेही बँडकॅम्पवर भरले, कारण तिथे डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के कंपनी ठेवते, आणि बाकीच्यातून व्यवहाराचा खर्च गेला की उरलेले कलाकाराला पोहोचतात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वादक डिचोली तालुक्यातला, आरतीच्या मेळातला. नाव घालायचं राहून गेलं होतं, ते आता घातलंय. त्यानं आणखी एका अल्बमवर वाजवलंय, एका कोंकणी रॅपरच्या.

मास्तर रॅप ऐकत नाहीत. पुढच्या शुक्रवारी तोच अल्बम लागणार आहे. भाचीनं शब्द कागदावर छापून आणायचं कबूल केलंय, मोठ्या अक्षरांत.