लाम्पांगचं सागवानी विहान

(सकाळचं ऊन. भातखाचरांपलीकडे टेकाड, त्यावर विटांचा तट.)

उत्तर थायलंडमधल्या लाम्पांग शहरापासून साधारण १८ किलोमीटरवर, को खा तालुक्यात, हे टेकाड आहे. वरच्या मंदिराचं नाव वात फ्रा थात लाम्पांग लुआंग. नाव लांबलचक आहे, पण त्यातला ‘थात’ आपल्या ओळखीचा निघतो. थात म्हणजे धातू, बुद्धाचे अवशेष. इथल्या स्तूपात बुद्धाचा केस आहे अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि वृषभवर्षात, म्हणजे बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या बैलाच्या वर्षात, जन्मलेल्यांनी एकदा तरी इथे येऊन जावं अशी जुनी रीत.

पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना नाग आहेत. जरा जवळ जाऊन बघा, हे नाग मकराच्या तोंडातून बाहेर पडताहेत. आपल्या जुन्या देवळांत मकराच्या तोंडातून अभिषेकाचं पाणी वाहतं, इथे त्यातून नाग निघतो.

हा प्रदेश लान्ना राज्याचा. लान्ना म्हणजे दहा लाख भातशेतांचा मुलूख. मंगराय राजानं १२९६ मध्ये चियांग माय वसवलं आणि पुढे या डोंगराळ भागानं स्वतःची अशी एक बांधणी घडवली. ती बघायला इथल्यासारखी जागा नाही, असं मला मनापासून वाटतं.

(दरवाजातून आत. वाळूचं अंगण. समोर मोठं विहान.)

चपला इथेच काढायच्या.

हे विहान लुआंग, म्हणजे मोठं विहान. १४७६ मध्ये उभं राहिलं. थायलंडमधल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींमध्ये त्याची गणना होते. विहान म्हणजे विहार. लेण्यांमधले विहार भिक्खूंच्या राहण्याचे. हे मात्र सगळ्यांनी जमून वंदना करण्याचं सभागृह, आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारासारखं.

आणि याला भिंतीच नाहीत! चहूबाजूंनी उघडं. सागवानाचे जाडजूड खांब आणि त्यांवर टप्प्याटप्प्यानं उतरत आलेलं छप्पर. बाजूचं पाखं इतकं खाली येतं की बाहेरून आत बघायला मान वाकवावी लागते. कोकणातलं घर आठवावं, तसंच. पाऊस इथेही धो धो पडतो. छप्पर खाली ओढलं की झड आत येत नाही आणि भिंतींची गरज उरत नाही.

आत शिरल्यावर दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग हळूहळू कळतं की इथे उजेड वरून येतच नाही. तो वाळूवर पडतो आणि तिथून उसळून आत येतो, खालून वर. त्या उजेडात काळ्या-तांबड्या लाखेच्या खांबांवरची सोन्याची नक्षी जागी होते. उभं राहिलं तर ती अर्धीमुर्धीच दिसते. खाली बसलं की सगळी दिसते. ही वास्तू माणसाला बसायला लावते.

आता मान वर करा. छताखाली ना लाकडी फळ्यांचं आच्छादन, ना काही झाकपाक. तुळईवर आखूड खांब, त्यावर लहान तुळई, त्यावर आणखी लहान. या रचनेला इथे ‘मा तांग माय’ म्हणतात, म्हणजे रेशमाचं ओझं वाहणारा घोडा. डोंगरवाटांनी व्यापाऱ्यांचे तांडे जायचे त्या मुलखातल्या सुतारानं ठेवलेलं नाव.

मला राहून राहून कार्ल्याचं चैत्यगृह आठवत होतं. तिथे दगडी छताला आजही लाकडी कमानी आहेत. आपल्या कारागिरांनी लाकडी सभागृह डोंगरात कोरून ठेवलं. तसं सगळंच्या सगळं लाकडी सभागृह कसं असेल, याचा अंदाज मला इथे बसून आला.

तेवढ्यात समोर वंदना सुरू झाली. “फुत्थांग सरणांग खत्छामि...” उच्चार थाई, पण ओळ तीच. ‘बुद्धं सरणं गच्छामि’. माझे हात आपोआप जुळले.

(विहानामागे स्तूप. कठड्याचं निकटदृश्य.)

मागचा स्तूप सुमारे ४५ मीटर उंच. अंगावर तांब्या-पितळेचे पत्रे, काही हिरवट, काही निळसर, काही अजून पिवळे. कठड्यात हे भोक दिसतंय? १७३२ मध्ये बर्मी वर्चस्वाखालच्या लांफून शहराच्या सैन्यानं हे मंदिर व्यापलं होतं. थिपचांग नावाचा माणूस रात्री पाण्याच्या मोरीतून आत सरपटला आणि त्यानं सेनापतीला गोळी घातली. ती या भोकातून आरपार गेली असं सांगतात. थिपचांग पुढे लाम्पांगचा राजा झाला. उजाड झालेलं चियांग माय १७९६ मध्ये पुन्हा वसवलं ते त्याच्या नातवानं, काविलानं.

(छोटी पांढरी वास्तू. उंच, अरुंद पायऱ्या.)

शेवटी ही बुद्धपादाची, म्हणजे बुद्धाच्या पाऊलखुणेची, खोली. बायकांना वर जाता येत नाही, त्यामुळे कॅमेरा सहकाऱ्याच्या हातात दिला. पुढचं चित्रण त्याचं.

दार लावलं. अंधार. दाराच्या बारीक छिद्रातून ऊन आत येतंय आणि पांढऱ्या कापडावर अख्खा स्तूप उमटलाय, रंगांसकट, शिखर खाली आणि पाया वर. कुणी काढलेलं चित्र नाही हे. बाहेरचाच स्तूप आहे, आत्ताचा.

ढग आला. कापड पांढरं झालं. थांबू या थोडं.

(पाच सेकंद शांतता. स्तूप पुन्हा उमटतो.)